पेटीचं दार

फळं धरली आणि मळेवाल्याला मधमाश्या चावायला लागल्या. वेलांवर पिवळी फुलं होती तोवर हाच माणूस रोज सकाळी बांधावर येऊन विचारायचा, "काय म्हणतात आपल्या माश्या?" आपल्या! मग फुलं सरली, वाळूत खरबुजांच्या पाठी दिसायला लागल्या, तोडणीची टोळी आली, आणि आपल्या माश्या एका दिवसात तुमच्या झाल्या.

पेट्या बांधावर ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येकीखाली चार विटा, वर पत्र्याचा तुकडा, पत्र्यावर दगड. सावली म्हणावी तर एकच झाड, तेही अर्धं वाळलेलं. बांधाच्या टोकाला पत्र्याची खोपी होती. तिच्यात माशीवाली, तिचा नवरा आणि तिची सासू अशी तीन माणसं राहायची. बोली साधी होती. माश्यांनी फुलांवर फिरायचं, मळेवाल्यानं हंगाम संपेपर्यंत जागा द्यायची आणि पेट्यांपुढून पाटाचं पाणी वाहतं ठेवायचं. माश्यांनी आपलं काम चोख केलं. मळेवाल्यानं पाट पलीकडच्या नव्या रोपांकडे वळवला आणि विसरून गेला.

ऊन असं पडलं होतं की वाळूवर अनवाणी पाय टेकवत नव्हता. अशा उन्हात माशीला पाणी नुसतं तहानेसाठी लागत नाही. ती पोटात थेंब भरून आणते, आत पोळ्यावर पसरते, आणि दारात उभ्या असलेल्या बाकीच्या पंखांनी वारा घालतात. पेटीच्या दारापाशी तळहात धरला की एका बाजूनं गरम वाफ लागते, दुसऱ्या बाजूनं बाहेरची हवा आत ओढली जाते. आत अंडी आहेत, पिल्लं आहेत. त्यांना माणसाच्या अंगाएवढीच ऊब लागते, थोडी कमी नाही, थोडी जास्त नाही. सासू सकाळ-दुपार प्रत्येक पेटीच्या फळीला हाताची मागची बाजू लावून बघायची, तापातल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. "माणसाला घाम आल्याशिवाय उकाडा कळत नाही," ती म्हणायची. "यांना मिशांनीच कळतो. म्हणून त्या आधीच कामाला लागतात, आणि आपण नुसते उफ् उफ् करत बसतो."

पाट आटला तशा माश्या पाणी शोधत तोडणीवाल्यांच्या पिंपावर गेल्या. पिंपाची तोटी गळत होती, झाकण नीट बसत नव्हतं. आत पडून बुडालेल्या माश्या पाण्यावर तरंगायच्या. एका तोडणीवालीच्या ओठाला डंख झाला, ओठ सुजून वांग्याएवढा झाला, आणि मळेवाल्याला निमित्तच मिळालं.

त्यानं माशीवालीला हाक मारून बोलावलं. सगळी टोळी सावलीच्या कापडाखाली भाकरी खात बसली होती. तिचा नवराही तिथंच उभा होता, टोपल्या उचलायला त्याला बोलावलं होतं. उचलायला कुणीही बोलवावं आणि त्यानं जावं, असा तो माणूस.

"काढ त्या," मळेवाला पिंपाकडे बोट करून म्हणाला.

तिनं पळी मागितली.

"पळी कशाला? लोकांच्या पिण्याचं पाणी आहे. हातानं काढ. सगळ्या."

ती वाकली. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून एकेक मेलेली माशी चिमटीत धरून बाहेर काढू लागली. कुणी जेवत नव्हतं, सगळे बघत होते. मळेवाला आत डोकावून "ती बघ, कडेला एक राहिली" असं दाखवत होता. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं होतं, पण तिनं घाई केली नाही. शेवटची माशी काढून तिनं त्या सगळ्या पदरात घेतल्या आणि सरळ उभी राहिली.

"पाट सोडा मालक. एक माशी इकडं फिरकायची नाही."

"मला शिकवू नकोस. तोडणी होईपर्यंत पेट्या बंद ठेवायच्या. उजेड असेपर्यंत एक दार उघडं दिसता कामा नये."

"बंद केल्या तर आतल्या आत शिजतील."

"मग उचला आणि चालते व्हा."

"हंगाम संपेपर्यंतची बोली आहे," ती म्हणाली. "मी हलवणार नाही आणि बंदही करणार नाही. काय करायचं ते करा."

टोळीची मुख्य बाई, जिला सगळे टोळीवाली म्हणत, घास तोंडात धरून तिच्याकडे बघतच राहिली. मळेवाल्याला असं कुणी टोळीसमोर बोललं नव्हतं. तो हसला आणि तिच्या नवऱ्याकडे वळला.

"बायकांशी काय बोलायचं? तू सांग. बंद करशील ना?"

"होय मालक," नवरा म्हणाला.

त्याला सगळे होयबा म्हणत, ते उगाच नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त समोरच्याचं तोंड पडलेलं बघवत नसे. समोर जो उभा असेल त्याला तो होय म्हणायचा आणि तो गेला की घाम पुसायचा. दोन माणसांना एकाच बैलगाडीत बसवायचं कबूल करून तो स्वतः चालत आला होता, अशी त्याची ख्याती होती.

संध्याकाळी खोपीत चूल पेटवता पेटवता माशीवालीनं विषय काढला. "होय कशाला म्हणालात?"

"वेळ मारून नेली गं. तो काय बघायला येतोय?"

"येईल. तो आला की पुन्हा होय म्हणाल."

सासू दारात पाय पसरून बसली होती. "माझ्या पोटी हा कसा आला, देव जाणे. याच्या बापाला गाव टरकायचं. त्यानं नाही म्हटलं की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबायची."

"बाबांनीही पेट्या बंद केल्या होत्या," नवरा पुटपुटला. "फवारणी होती तेव्हा. दिवसभर माती लावून ठेवली होती. काही झालं नव्हतं."

"थंडीत!" सासू ओरडली. "हातपाय गारठत होते तेव्हा. थंडीत त्या एकमेकींना चिकटून गोळा होतात आणि अंग थरथरवून ऊब धरतात. तेव्हा दार बंद केलं तर त्यांना बरंच. आता उन्हाळा आहे, बाळा. तुला घोंगडी पांघरून या पत्र्याखाली झोपवू का दुपारी?"

"ऐका," माशीवाली म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की नवऱ्याला भीती वाटायची. "उद्यापासून मी लांबच्या विहिरीवरून पाणी आणणार. पत्र्याच्या पाट्यांत गोणपाट भिजवून ठेवू, माश्या हळूहळू तिकडं वळतील. तुम्ही फक्त एक करायचं. दारांना हात लावायचा नाही. लावणार नाही ना?"

"होय," तो म्हणाला. मग घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे, नाही लावणार."

लांबची विहीर खरंच लांब होती. वाळू तुडवत जायचं, वाकून पाणी शेंदायचं, कावड खांद्यावर घ्यायची आणि तीच वाळू पुन्हा तुडवत यायचं. भरल्या कावडीनं पाय घोट्यापर्यंत रुततो. तिनं पेट्यांसमोर उथळ पाट्या मांडल्या, त्यांत गोणपाट टाकले, माश्यांनी बुडू नये म्हणून खडे पसरले. पहिल्या दिवशी माश्यांनी पाट्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांना पिंपाची वाट पाठ झाली होती. तिनं गोणपाटावर थोडा मध चोळला. दुसऱ्या दिवशी दोन-चार आल्या, मग घोळका आला. तिकडे टोळीवालीनं कुणाला न सांगता पिंपाच्या तोंडाला फडकं करकचून बांधलं आणि गळक्या तोटीला चिंधी गुंडाळली. माशीवालीला वाटलं, निभावलं.

तिला वाटलं ते बरोबर होतं. फक्त मळेवाल्याला माश्यांशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. टोळीसमोर ती उलटून बोलली होती, ते त्याच्या घशात अडकलं होतं.

त्या दिवशी दुपारी ती विहिरीवर गेली होती. सासूला चक्कर आल्यासारखं झालं म्हणून ती खोपीत आडवी झाली होती. नवरा झाडाखाली पेटीच्या चौकटी खरवडत बसला होता. मळेवाला छत्री घेऊन आला आणि त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"दारं उघडीच दिसतायत."

"होय मालक."

"तू शब्द दिला होतास."

"होय मालक."

"माझं एवढंच म्हणणं आहे, बायका जेवायला बसतात तेवढा वेळ तरी बंद कर. मग उघड. एवढं नाही करणार माझ्यासाठी?"

एवढं नाही करणार माझ्यासाठी, हे चार शब्द होयबाच्या विरुद्ध वापरायचं हत्यार होतं, आणि ते मळेवाल्याला चांगलं ठाऊक होतं. होयबानं बायकोला दिलेला शब्द आठवून एकदा विहिरीच्या दिशेनं बघितलं. तिकडे नुसती वाळू तळपत होती. थोडाच वेळ, त्याला वाटलं. तिला कळायच्या आत उघडू. त्यानं पाट्यांतलं पाणी ओंजळीनं घेऊन माती कालवली. चांगली सैल, ओली कालवली, म्हणजे आत गारवा जाईल. अगदी मनापासून कालवली. पहिल्या पेटीच्या दारात त्यानं ती थापली, मग दुसरीच्या, तिसरीच्या, चौथीच्या. मळेवाला छत्रीखालून बघत होता. चौथी झाल्यावर त्याला उकडायला लागलं. "बाकीच्या पण कर," म्हणून तो निघून गेला. माती संपली आणि पाट्यांतलं पाणीही, म्हणून होयबा ओली माती आणायला बांधाखाली उतरून पार नव्या रोपांच्या पाटापर्यंत गेला, आणि त्यात त्याचा बराच वेळ मोडला.

माशीवाली कावड घेऊन आली ती बांधावर चढायच्या आधीच थांबली. आवाज चुकीचा होता. उन्हाळ्यात पेट्या एका सुरात घुमतात, तो सूर तिच्या कानात इतका भिनला होता की एरवी तो ऐकूही येत नसे. आता दोन-तीन पेट्यांतून खदखद ऐकू येत होती, झाकण घट्ट बसवलेल्या आधणाची असते तशी. आणि पहिल्या पेटीतून काहीच ऐकू येत नव्हतं. तिच्या बाहेर मात्र माश्यांचा गठ्ठा होता. बाहेरून आलेल्या माश्या दार शोधत वाळलेल्या चिखलावर आपटत होत्या.

तिनं कावड खांद्यावरून टाकून दिली. एवढ्या लांबून आणलेलं पाणी वाळूनं एका घोटात पिऊन टाकलं.

"आई!" ती किंचाळली, आणि नखांनी माती उकरू लागली. माती भाजल्यासारखी कडक झाली होती. चौथी पेटी उघडली, तिसरी उघडली, दुसरी उघडली. आतून माश्या उडाल्या नाहीत, सांडल्या. ओल्या, चिकट, एकमेकींवरून सरपटत फळीवर चढल्या आणि तिथंच पंख हलवू लागल्या. सासू धावत आली होती. तिनं पहिल्या पेटीला हाताची मागची बाजू लावली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

पहिली पेटी सगळ्यांत भरलेली होती. सासू तिला थोरली म्हणायची. जास्त माश्या म्हणजे जास्त अंगं, आणि दार बंद झालं की प्रत्येक अंगाची ऊब आतच राहते. वारा घालायला जितक्या जोरात पंख हलवावेत तितकी ती वाढत जाते. जी पेटी सगळ्यांत धडधाकट असते, ती आधी जाते. माशीवालीनं दारातला शेवटचा चिखल काढला तेव्हा फटीतून पातळ झालेला मध बाहेर आला. मधात काळ्या पडलेल्या माश्या होत्या. तिनं झाकण उचललं. आत एकही पोळं उभं नव्हतं, मेण मऊ होऊन सगळी तळाशी एकावर एक पडली होती.

नवरा बांधाखालून ओल्या मातीचं घमेलं घेऊन वर आला आणि तसाच उभा राहिला.

"माती ओली केली होती मी," तो म्हणाला. "गार राहील म्हणून."

सासूनं तोंडात पदर कोंबला. माशीवाली नवऱ्याकडे वळली. तिनं त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्हींत राग मोठा होता.

"ही तुम्ही साफ करायची," ती म्हणाली. "हातानं. सगळ्या."

त्यानं घमेलं खाली ठेवलं. पेटीसमोर मांडी घालून बसला आणि आत हात घातला. मध अजून गरम होता. मुठीमुठीनं माश्या काढून तो बांधाच्या कडेला खड्ड्यात टाकत होता, आणि पुन्हा हात घालत होता. ऊन कलायला लागलं तरी पेटी सरत नव्हती. बाहेर गेलेल्या माश्या आता एकेक करून परत येत होत्या. त्यांना थोरलीचं दार सापडेना. त्या त्याच्या चिकट हातांवर, मनगटांवर, कोपरांवर उतरत होत्या. एकीनंही डंख केला नाही. एक त्याच्या अंगठ्यावर बसली, पोट आक्रसून तिनं तोंडातून बारीकसा थेंब बाहेर आणला आणि तो कुठं ठेवावा हे न कळून तशीच बसून राहिली. ती पाणी घेऊन आली होती. त्यानं तो थेंब बघितला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

"तिला दुसऱ्या पेटीत सोडू का?" त्यानं विचारलं.

"पाण्यानं पोट भरून आलेलीला आज कुणी हाकलणार नाही," सासू म्हणाली. "सोड."

मग ते तिघंही तेच करत राहिले.

दिवस मावळायला आला, पण उकाडा हटला नव्हता. उरलेल्या पेट्यांतल्या माश्या बाहेर येऊन दारांच्या खाली लोंबू लागल्या. एकीच्या पायात दुसरीचे पाय, अशा हातभर लांब काळ्या दाढ्या. आतली गर्दी कमी झाली की आतला ताप उतरतो, म्हणून बाहेर येऊन बसायचं, एवढाच त्याचा अर्थ. माणसं उकाड्यात बाजा अंगणात काढतात त्यातलाच प्रकार. दाढी धरलेल्या माशीइतकी गरीब माशी नसते. पण नवखा बघणारा जवळ येत नाही.

मळेवाला ट्रॉली आणि दोन गडी घेऊन आला तेव्हा प्रत्येक पेटीला दाढी होती. मागून टोळीवाली आणि तिच्या बायकाही आल्या, घरी जायच्या वाटेवर तमाशा कोण सोडतो?

"हे काय? ही काय भानगड?" तो लांबच थांबला. "बंद करायला सांगितलं तर सगळ्या बाहेर काढून ठेवल्या? उचला रे या पेट्या, रस्त्यावर नेऊन टाका."

गडी हलले नाहीत.

माशीवाली दुसऱ्या पेटीपाशी गेली. तिनं बाही वर सारली आणि हात मनगटापर्यंत त्या दाढीत घातला. माश्या तिच्या बोटांभोवती सरकल्या, तिच्या हातावर चढल्या. तिनं हात तसाच बाहेर काढला, काळा, हलता, आणि मळेवाल्यापुढे धरला.

"उचला ना," ती म्हणाली. "आधी कोण उचलतंय?"

एक गडी ट्रॉलीच्या मागे गेला. दुसऱ्याला एकदम काही काम आठवलं. मळेवाला दोन पावलं मागे सरला आणि टाच वाळूत रुतून पडता पडता राहिला. टोळीतली कुणीतरी फिसकन हसली.

त्या हसण्यानं तो लाल झाला. आता त्याला एकच हक्काचा माणूस उरला होता.

"अरे ए! तुझ्या बायकोला आवर. उद्या उजाडायच्या आत सगळी दारं माती लावून बंद झाली पाहिजेत. करशील ना?"

होयबा पेटीसमोरून उठला. त्याचे हात कोपरापर्यंत मधानं आणि मेणानं माखलेले होते, त्यांत मेलेले पंख चिकटले होते. तो काय म्हणणार हे सगळ्यांना माहीत होतं. टोळीवालीनं तर कंटाळून तोंड फिरवलंही. त्याचे ओठ सवयीनं गोल झाले.

"नाही," तो म्हणाला.

"काय?"

"नाही, मालक."

त्याचा आवाज चिरका आला, पण दुसऱ्यांदा म्हणताना त्याला सोपं गेलं. मग त्याला थांबवेना. "दारं बंद होणार नाहीत. पेट्या हलणार नाहीत. माझी ही पेटी मेली ती तुमच्या सांगण्यावरून, आणि माझ्या हातानं. आता दुसरी मारणार नाही. हंगाम संपला की आम्ही आमचे जाऊ. तोवर नाही."

"पुढच्या वर्षी या मळ्यात पाय ठेवू देणार नाही तुम्हाला!"

"नका देऊ," सासू म्हणाली. "पुढच्या वर्षी फुलाफुलांवर तुम्हीच जाऊन बसा."

बायका आता तोंडावर हात न ठेवता हसल्या. मळेवाला "बघून घेतो" म्हणाला, आणि ट्रॉली आली तशी रिकामी गेली.

ट्रॉली गेल्यावर होयबा पेटीसमोर परत आला. तो मटकन खाली बसला. "मी काय बोललो?" त्यानं बायकोला विचारलं.

"मला नीट ऐकू आलं नाही," सासू मध्येच म्हणाली. "पुन्हा म्हण."

"नाही," तो म्हणाला, आणि रडायला लागला. माशीवालीनं त्याला रडू दिलं. तिनं त्याला माफ केलं होतं असं नाही. थोरली तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पण तिनं पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातांवर धरला.

सकाळी ती कावड घ्यायला गेली तर कावड जागेवर होती आणि फावडं नव्हतं. नवराही नव्हता. ती बांधावर आली. पाटाच्या वरच्या तोंडाशी, जिथून पाणी नव्या रोपांकडे वळवलं होतं, तिथं तो कमरेतून वाकून मातीचा आडवा बांध फोडत होता. रोपांचं पाणी त्यानं तोडलं नाही. एक फावडंभर जागा केली, बोलीत होती तेवढीच. बारीकशी धार वाळलेल्या पाटात शिरली, केरकचरा पुढे ढकलत, थांबत, खड्डे भरत, शेवटी पेट्यांपुढून निघाली. ऊन चढायच्या आत पाटाच्या दोन्ही काठांवर माश्या रांगेनं बसल्या होत्या.

दुपारी मळेवाल्याचा गडी आला. बांधावर चढला नाही, खालूनच ओरडला, "पाट कुणी फोडला म्हणून मालक विचारतायत. लगेच बोलावलंय."

"मी फोडला," होयबा म्हणाला. "आणि येत नाही म्हणून सांग."

गडी जरा वेळ वाट बघत उभा राहिला. या माणसाचं नाही पुढे होय होतं का, हे त्याला बघायचं असावं. ते झालं नाही, तसा तो गेला.

ऊन डोक्यावर होतं, वाळू तळपत होती. दुसऱ्या पेटीच्या दारात माश्या ओळीनं उभ्या राहून वारा घालत होत्या. होयबा फावडं मांडीवर आडवं घेऊन तिच्याशेजारी बसला होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं, कुणी बघत नाही अशी खात्री केली आणि हाताची मागची बाजू पेटीच्या फळीला लावली.

"कशी आहे?" मागून बायकोनं विचारलं.

तो दचकला, पण त्यानं हात काढला नाही.

"ताप नाही," तो म्हणाला.